बुडावरचा खडू

एपर्ने गावातल्या दवाखान्यात मादाम लेस्कूर आपल्या नंबरची वाट बघत होत्या. शेजारच्या बाकावर शॅम्पेनवाले गिस्लाँ आणि त्यांच्या तळघरात बाटल्या फिरवणारी ओदिल, यांची जुंपली होती. ओदिलच्या मनगटाला पट्टी होती.

"मालक, बाटल्यांच्या बुडावरचा खडू कोणी पुसला?"

"मीच. पाहुणे यायचे होते. फार कळकट दिसत होतं ते."

"कुठली बाटली किती फिरवली, ते त्या खुणेवरनं कळतं मला. जागच्या जागी पुसलंत ना?"

"छे, एकेक बाहेर काढून. उभी धरून चांगली घासली."

"उभी धरून. बाटल्या बूच खाली करून तिरक्या ठेवल्या होत्या, महिनाभर रोज थोडी थोडी फिरवून गाळ बुचाशी आणला होता मी. तुम्ही तो परत ढवळून ठेवलात."

"पाहुणे खूश झाले पण. आमच्याकडे अजून सगळं हातानं होतं, असं सांगितलं मी."

"कोणाच्या हातानं?"

"झालं ते झालं, बाई. पुन्हा फिरवा की."

"बाराशे आहेत."

मादाम लेस्कूर मासिकाचं पान उलटायचं विसरल्या.

आतून ओदिलचं नाव पुकारलं. तिनं उठता उठता खिशातला खडू काढला आणि मालकांच्या मांडीवर ठेवला.

"तुमचं मनगट धडधाकट आहे. उद्यापासून तुम्ही फिरवा. खूण करायला विसरू नका."