मुरुमहून एकटीच आलेली फाइल

तुम्हाला खोटं वाटेल, पण चारचौघांत मी ह्यांच्याशी पहिल्यांदा बोलले ती कॉम्प्युटरच्या एका खेळामुळं. दुष्काळानं साखर कारखान्याचं गाळप बंद होतं. हे तिथं कॉम्प्युटर ऑपरेटर. नव्या बायकोला खेळ दाखवायला म्हणून मला ऑफिसात घेऊन गेले. सगळा स्टाफ गोळा झाला, आणि पडद्यावर आलं, फाइल सापडत नाही.

ह्यांनी फ्लॉपी पुसली, मशीन तीनदा बंद-चालू केलं. कान लाल झाले.

"नारळ फोडला न्हाय वाटतं," हेडक्लार्क आण्णा म्हणाले.

मला राहवेना. "अहो, मुरुमच्या तुमच्या मित्राकडं चालतो ना हा?"

"तिथं सोबत अजून सात-आठ फायली आहेत. मी खेळाच्या नावाची तेवढीच उतरवून आणली."

"म्हणजे नवरी एकटीच आणली. मलासुद्धा पाठराखणीशिवाय धाडलं नव्हतं."

आण्णा इतके हसले की चष्मा पडला. दुसऱ्या दिवशी हे एसटीनं जाऊन उरलेल्या फायली घेऊन आले आणि खेळ लागला.

पुढं मशीन अडलं की आण्णा म्हणायचे, "काय रे, घरी विचारलंस का?" आता ते रिटायर झाले. तसं कुणी म्हणत नाही, पण हे गुपचूप विचारून जातातच.