हातात आलेलं उत्तर

मंडळी, आज प्रश्न एकच. हातात आलेलं खरं माणूस स्वतःच खोडतो, ते कशामुळे? — माना डोलावू नका, अजून मी काही सांगितलेलं नाही.

तर ऐका. मिरजेतले सुधाकरराव कुलथे, सराफ. मुलगा अद्वैत. घातला गावातल्या सगळ्यात महागड्या खासगी शाळेत. चकचकीत प्रयोगशाळा! तिथे सर आधीच फळ्यावर लिहीत — उत्तर दहा येईल. मुलं नळीतून थेंब सोडत, आत काहीही होवो, वहीत दहा. निकाल शंभर टक्के. लागणारच हो!

कॉलेजात शेजारच्या टेबलाला सुकन्या मगदूम, नगरपालिकेच्या हायस्कुलातली. तिचे विज्ञानाचे सर कधी निवडणुकीच्या कामाला, कधी जनगणनेला. मुलं पुस्तक उघडून आपसांत भांडत शिकली. इंग्रजीत तोंड उघडायची मात्र तिला धास्ती. पहिल्या सहामाहीत विषय राहिले. तेव्हा लगेच तिची आरती ओवाळू नका.

वार्षिक प्रात्यक्षिक आलं. हे हुकलं तर अद्वैतचं वर्ष जाणार. प्रत्येकाला द्रावणाची वेगळी बाटली. आणि मंडळी, पोरानं नीट केलं! थेंब थेंब सोडला, गुलाबी रंग आला, आकडा पाहिला — साडेसोळा. असं कधी येतं का? पुन्हा केलं. पुन्हा साडेसोळा. हळूच सुकन्याला विचारलं, किती यायला हवं गं?

"मला काय माहीत? माझं एकोणीस आलं, मी एकोणीस लिहिलं."

यानं साडेसोळा खोडलं. दहा लिहिलं.

नापास.

सुधाकरराव मुलाला घेऊन तणतणत प्राध्यापकांकडे. ते शांतपणे म्हणाले, याच्या बाटलीचं उत्तर साडेसोळा होतं.

"बाबा, माझं तेच आलं होतं."

"मग लिहिलं का नाहीस?"

"कुणी सांगितलं नव्हतं."

आता तरी बाप शहाणा होईल? छे! धाकटीसाठी चौकशी सुरू — मास्तर निवडणुकीला जातात ती शाळा कोणती, प्रवेश कधी! काय करावं या माणसाचं? अहो, मास्तर हवाच. त्यानं शिकवावं, आणि आकडा येताना गप्प बसावं. एवढंच मागणं आहे.

हसता? बरं. ही पुढे बसलेली छकुली. बाळ, तुझं नाव काय?

...ताई, तुम्ही का सांगता? मी तिला विचारलं होतं.