आरपार गेलेली सुई

जनावरांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक म्हातारं जोडपं बसलं होतं. मधे टोपलीत त्यांची मांजर, तिला नुकताच मधुमेह निघालेला.

“अहो, काल इन्सुलिन अंगात गेलंच नाही हिच्या. सुई चिमटीत धरलेल्या कातडीतून आरपार गेली, नुसते केस भिजले.”

“मग परत का नाही टोचलंस?”

“चुकलं तरी लगेच परत टोचायचं नाही, डॉक्टर बजावून सांगतात. साखर एकदम उतरली तर जिवावर बेतेल तिच्या.”

“हात थरथरतो तुझा. आजपासून मी टोचणार, तू धर.”

“तुम्ही? स्वतःचं रक्त तपासायला गेलात, तर सुई बघूनच घेरी येऊन पडलात!”

“आजही पडेन. पण आधी टोचीन, मग पडेन. तू मात्र मला सावरायला म्हणून तिला सोडू नकोस.”