लिगायाबाईंचा संगणक

फिलिपिन्समधल्या इलोइलोचं इस्पितळ. निवलेली पेज. ओली छत्री. वडिलांच्या रक्ताच्या रिपोर्टसाठी ताटकळलेली देलिया. शेजारच्या बाकावर संगणकवाले दोघं.

“काय तोतो, वॉर्डातल्या संगणकाचं नाव बदललंस?”

“काल बदललं, मनोंग. थोरल्या नर्स लिगायाबाई वारून महिना झाला, तरी त्याला त्यांचंच नाव. नर्सा हात लावायला घाबरत होत्या.”

“लॅबला कळवलंस?”

“लॅबचा काय संबंध?”

“अरे शहाण्या, लॅबचं यंत्र त्या नावावरच रिपोर्ट पाठवतं!”

“म्हणजे कालपासूनचे...”

“वॉर्डात पोचलेच नाहीत. पळ आधी!”

वॉर्डातून नर्स बाहेर आली. तिच्या हातात देलियाच्या वडिलांच्या चपला होत्या.

‘ताबडतोब रक्त चढवा,’ असा रिपोर्ट लॅबनं पहाटेच पाठवला होता.