सेनापतीच्या बायकोचं एक वाक्य

टिकाराम : मेला असता त चाललं असतं, गुलाबभाऊ. लढाईत सेनापती मरतेच. पर बगळा? धडधाकट मानसाले बगळा करून टाकलन त्या सीरियलवाल्याईनं!

गुलाब : आधी बस त. पानी पे.

टिकाराम : पानी नोको पाजू मले. चार भाग झाले, थो बगळा बोडीच्या पाळीवर, तलावाच्या काठाले, एका पायावर उभा हाय. बोलत नाई, हालत नाई. काल त समोरून मासोळी गेली, थेही धरली नाई त्यानं.

गुलाब : मी नाही केला रे बगळा. माझ्या कादंबरीत कुठं हाय बगळा? 'बोडीखालचं राज्य', तीनशे दहा पानं, त्यातली दोनशे सेनापतीची. जवाहरनगरच्या फॅक्टरी क्वार्टरमधे बसून नऊ वर्सं लिहिलं मी. ड्युटीवरून आलो का लिहित होतो.

टिकाराम : म्हनूनच त तुह्याकडं आलो. साऱ्या करडी गावाले माहीत हाय, थो सेनापती म्हनजे मीच. माह्या मिशा, माहं लंगडनं, राग आला का टोपी काढून पुन्हा घालनं, सारं माहंच उचललं तू. पुस्तक आलं तवा गावात पेढे वाटले मी.

गुलाब : वाटले. मले एकच भेटला.

टिकाराम : आन आता? सकाळी डेअरीवर गेलो त थो सूरज एका पायावर उभा राहून माहं दूध मापून राहिला. भांडता येत नाई. दूध बरोबर मापलन.

गुलाब : हे पाय, माझ्या पुस्तकावरची सीरियल लिहिते ना ती मेघा मॅडम, तिले मी फोन केला होता. ती म्हनली, सेनापतीचं काम करनारा नट दुसऱ्या सीरियलमधे गेला. तिकडं त्याले सासऱ्याचं काम भेटलं, रोजचं. मग इकडं सेनापती कसा दाखवाचा? बगळ्याची तारीख घ्या लागत नाही.

टिकाराम : दुसरा नट आनाचा!

गुलाब : नटाचंच नाही. सेनापती आला का फौज आली. मी बारा हजार सैन्य एका ओळीत लिहून टाकलं. माझं काय गेलं? शाई. त्याईले ती मानसं उभी करा लागते, त्याईले जेवाले द्या लागते. आन तुझा सेनापती विचार लई करते.

टिकाराम : करतो मी विचार. मंग?

गुलाब : पुस्तकात चाळीस पानं तो पाळीवर बसून विचारच करते. वाचाले बरं वाटते. टीव्हीवर मानूस विचार करत बसला, का लोकाईले वाटते डब्बा बंद पडला.

टिकाराम : आन त्याची बायको? थे विचार नाई करत?

गुलाब : ती बोलते. एक बाई, एक तलवार, खर्च कमी. लोकाईले आवडली, त तिचे भाग वाढवले. पोस्टरवर आता तीच हाय. माझ्या पुस्तकात तिचं फक्त एक वाक्य होतं, टिकाराम. एक!

टिकाराम : त मंग हे धर. मंडईच्या जत्रंतल्या नाटकाचं पॉम्प्लेट हाय. छापाले जाचं होतं, मी कमेटीच्या विनोदच्या हातातून घेऊन आलो. वाच मोठ्यानं.

गुलाब : 'करडी येथे मंडईनिमित्त भव्य नाट्यप्रयोग. उद्घाटक, सौ. कुंताबाई टिकारामजी सेलोकर.' अरे वा, वहिनी!

टिकाराम : वा काय वा? खाली वाच.

गुलाब : 'सहउद्घाटक'... लई नावं हायेत. तुझं कुठं हाय?

टिकाराम : सातवं. किरानावाल्याच्या खाली, पिठाच्या चक्कीवाल्याच्या वर.

गुलाब : वर हाय ना, मग.

टिकाराम : अकरा वर्सं, गुलाबभाऊ! अकरा वर्सं या मंडईचा उद्घाटक मी. मी नारळ फोडतो तवा पडदा उघडते. आन यंदा विनोद म्हनते, काका, सीरियलमंदी काकूचं काम मोठं झालं, तुमचं लहान झालं, पब्लिक काकूले मागून राहिली. जशी का माही बायको खरंच तलवार घेऊन बोडीत उतरली होती!

गुलाब : थांब. यात माझं नाव कुठं हाय? लेखक मी हावो.

टिकाराम : एकदम खाली. 'विशेष आभार.' जनरेटरवाल्याच्या संगं.

गुलाब : जनरेटरवाल्याचं पैले लिहिलं हाय.

टिकाराम : जनरेटर बंद पडला त नाटक बंद पडते, भाऊ. तू थे सोड. त्या पोरीले फोन लाव. मंडईले बारा दिवस हायेत. बारा दिवसात बगळ्याचा मानूस झाला पायजे.

गुलाब : माझ्या हातात काही नाही रे. सही करून बसलो मी. कागदावर लिहिलं होतं, 'कथेत योग्य ते बदल करण्याचा अधिकार.' मले वाटलं, कपडे-गिपडे बदलतीन.

टिकाराम : फॅक्टरीत पस्तीस वर्सं बारूद सांभाळलं तू, आन एक कागद नाई वाचता आला?

(कुंताबाई दारात येते. नवऱ्याला पाहून हातातली वही पदराआड घेते.)

कुंताबाई : गुलाबभाऊ, हायेत का जी घरी... अवं माय! तुमी इथं काय करून राहिले?

टिकाराम : तू काय करून राहिली? धान कापाले गेली होती ना?

कुंताबाई : बायाईले चहा देऊन आली.

टिकाराम : पदराखाली काय हाय?

कुंताबाई : वही. गोलूची जुनी. भाऊजवळून भाषन लिहून घ्याचं होतं.

टिकाराम : भाषन! आयकलं, गुलाबभाऊ? भाषनापर्यंत गेली गोष्ट. गोलूची माय, तू सरळ कमेटीले नाई म्हन. तुहं काय काम हाय तिथं?

कुंताबाई : गेली होती मी नाई म्हनाले.

टिकाराम : मंग?

कुंताबाई : विनोदले म्हनली, बापा, मले नोको, त्याईलेच ठेव. थो म्हनला, काकू, काई करा लागत नाई. नारळ फोडाचा, दोन शब्द बोलाचे आन पैल्या रांगेत सोफ्यावर बसाचं. नाटक सरेपर्यंत उद्घाटकाले कोनी उठवत नाई. मी म्हनली, कोनीच नाई? थो म्हनला, कोनीच नाई. मंग मी हो म्हनली.

गुलाब : नाटकाची इतकी हौस हाय तुमाले, वहिनी? मले माहीत नवतं.

कुंताबाई : बत्तीस वर्सं झाले या गावात येऊन. बत्तीस मंडया गेल्या. एकही नाटक नाई पायलं मी.

टिकाराम : खोटं बोलून राहिली, गुलाबभाऊ. साऱ्या नाटकाचे डायलॉग पाठ हायेत तिले!

कुंताबाई : आयकले म्हनून पाठ हायेत. पायले नाई. मंडईच्या दिवशी घरी तीस पाव्हने. तुमची बहीन, तिच्या नणंदा, जावई, जावयाचे दोस्त. एक पंगत नाटकाले जाते, दुसरी येऊन बसते. लाऊडस्पीकरचा पोंगा आपल्या घरामांगंच बांधते, त चुलीजवळ सारं आयकू येते. मांगच्या वर्सी थे हिरोइन रडून राहिली, रडून राहिली, आन एकदम पब्लिक हासली. काहून हासली थे मले अजून माहीत नाई.

गुलाब : याले इचाराचं ना. हा त समोरच होता.

कुंताबाई : इचारलं होतं सकाळी. ध्यानात नाई म्हनले.

गुलाब : काहून हासली रे, टिकाराम?

टिकाराम : मले काय माहीत.

गुलाब : सोफ्यावर तूच होता ना?

टिकाराम : झोप लागते मले.

गुलाब : काय?

टिकाराम : नारळ फोडला, हार घातला, बसलो, का लागते झोप. अकराही वर्सं लागली. सोफा लई नरम असते, भाऊ.

गुलाब : अन् दरवर्सी सकाळी पारावर बसून मले साऱ्या नाटकाची गोष्ट सांगते तू!

टिकाराम : पॉम्प्लेटच्या मांगं थोडक्यात छापली असते.

कुंताबाई : बत्तीस वर्सात मले एवढंच वाटे, का घरातून एक जन त पाहून राहिला.

टिकाराम : आता मले नोको बोलू. याले बोल. सारं यानंच केलं.

कुंताबाई : बोलनारच हावो. गुलाबभाऊ, तुमच्यावर राग हाय माहा.

गुलाब : माझ्यावर? मी काय केलं, वहिनी?

कुंताबाई : तुमच्या पोरीनं, प्रतिक्षानं वाचून दाखवलं मले पुस्तक. 'सेनापतीच्या बायकोने शिदोरी बांधून दिली आणि दार लावून घेतले.' मी म्हनली, वाच पोरी पुढं. थे म्हनली, काकू, पुढं हे बाई नाईच. दोनशे पानं तुमचा सेनापती गावोगाव हिंडते. एकदाही तुमाले वाटलं नाई, का दार लावल्यावर थे काय करत असन?

गुलाब : खरं सांगू? नाही वाटलं. मले वाटलं, भांडी घासत असन.

कुंताबाई : त्या सीरियलवाल्या पोरीले वाटलं. गाव पाहाले आली होती ना, तवा माह्या चुलीजवळ येऊन बसली आन इचारलन, काकू, दार लावून ते बाई काय करत असतीन हो? मी म्हनली, पैले थोडी रडन. मंग म्हनन, याच्या भरवशावर राज्य काई वाचत नाई, आपूनच पाहा लागन.

टिकाराम : असं सांगतलं तू? एका परक्या पोरीले?

कुंताबाई : तिनं इचारलं.

टिकाराम : आन बगळा? बगळाही तूच सांगतला?

कुंताबाई : बगळा नाई सांगतला. तिचा फोन आला होता, का नट गेला, आता सेनापतीले मारा लागते. मी म्हनली, मारू नोको गं बाई. काईही कर, पर जिता ठेव. बायकोच्या नजरेसमोर राहू दे कुठंतरी.

गुलाब : पाय रे. अन् तू बगळ्यावर रडून राहिला.

टिकाराम : मारनार होते मले?

कुंताबाई : त्याच सोमवारच्या भागात.

टिकाराम : मले माहीत नवतं.

कुंताबाई : तुमाले सांगून काय होते? तुमी लगेच टोपी काढली असती.

टिकाराम : बरं, राहा तू उद्घाटक. पर तीस पाव्हने येतीन, गोलूची माय. त्याईले जेवाले कोन घालन? बहीन माही साऱ्या गोतात सांगन, का भावाच्या घरून उपाशी आली.

कुंताबाई : थेच इचारनार होती मी तुमाले. आधी भाषन लिहून घ्यावं म्हनलं.

गुलाब : मटन माझ्याकडं. सहा महिने फॅक्टरीच्या कँटीनमधे होतो मी, शंभर मानसाचं रांधलं हाय. भाताचं टिकाराम पायन.

टिकाराम : मी?

गुलाब : वहिनी, द्या ती वही. सांगा, काय लिहू?

कुंताबाई : लहानच लिहा. लोकं नाटक पाहाले येतेत, मले पाहाले नाई. लिहा, 'मी कुंताबाई. मले इथं बसाले सांगतलं हाय, मी बसून राहीन. पडदा उघडा.'

गुलाब : इतकंच? लोकं म्हनतीन, लेखकानं काही लिहिलंच नाही.

कुंताबाई : तीन वाक्यं झाले, भाऊ. मांगच्या वेळेपरीस दोन जास्तच हायेत.

टिकाराम : नारळ एका झटक्यात नाई फुटत. पैले त्याले जराशी चीर देऊन ठेवतेत, विनोदले सांगजो. आन माही शाल घेऊन जा. समोर लई थंडी लागते.

कुंताबाई : नेईन.

टिकाराम : झोपजो नोको.

कुंताबाई : मी? मी नाई झोपत.

टिकाराम : आन गोलूची माय...

कुंताबाई : काय जी?

टिकाराम : चाळीस वर्सं झाले, धान पिकवून राहिलो मी. तीस मानसाच्या भाताले पानी किती लागते, तेवढं सांगून ठेवजो.