पहिल्या अल्बममधली खरखर

घसा दाखवायला आलेले निवृत्त मास्तर ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर बसले होते. शेजारी एका गायिकेची आई आणि तिची गाणी ध्वनिमुद्रित करणारा रेकॉर्डिस्ट बोलत होते.

"काकू, तिचा पहिला अल्बम लोक आजही ऐकतात. जुन्या अमेरिकन सोल गाण्यांसारखा तो खरखरीत आवाज!"

"आजाराची खरखर होती रे ती. रेकॉर्डिंगआधी मी तिच्यापुढे वाफेचं पातेलं ठेवायची, तू उचलून बाजूला करायचास."

"वाफेने आवाज साफ झाला असता ना! तेव्हा तो आजार आहे हे कुणाला कळलं होतं?"

"मला कळलं होतं. पण आईला गाण्यातलं काय कळतं, नाही का?"

नर्सने दार उघडलं. "स्वरयंत्र काढण्याआधी तिला आईशी बोलायचंय."

रेकॉर्डिस्टही मोबाइलवर रेकॉर्डिंग लावत उठला.

"तू बस. हे मी एकटीच ऐकणार."