कायोटींचे जाणकार

कायोटी या कोल्ह्यासारख्या रानटी प्राण्याविषयीची साक्ष आटोपून डॉक्टर लोवेल हॅनरटी अमेरिकेतल्या टक्सनच्या कोर्टातल्या कॉफीच्या रांगेत उभे राहिले. पुढे दोन बायका बोलत होत्या.

“अगं, मांजर खाल्लं कायोटीनं आणि मारायला निघालेत शेजाऱ्याच्या म्हाताऱ्या कुत्र्याला!”

“त्याला तर तीनच दात उरलेत!”

“तो तज्ज्ञ म्हणतो, रानातले कायोटी वस्तीत येतच नाहीत.”

“मग माझ्या अंगणातली कलिंगडं काय पोस्टमन खातो?”

“वकिलानं विचारलं, कायोटी कुठे पाहिलात? तर म्हणे, पुस्तकात!”

“दिसायला कसा आहे गं?”

“मागून नुसतं टक्कल दिसलं.”

डॉक्टरांनी हळूच टोपी चढवली. तेवढ्यात एक बाई वळली.

“काय हो, येतात ना कायोटी वस्तीत?”

“बाई, मला त्यातलं काही कळत नाही.”

त्यांच्या मागे न्यायाधीशबाई उभ्या होत्या. “मग हे मघाशी शपथेवर सांगायचं होतंत!”